सिमेंटच्या पत्र्याला हात लावण्याआधी

एप्रिल सरत आला की गोव्यात घरोघरी लोकांच्या नजरा छपराकडे वळतात. कौलं परतायची, पन्हळीत साचलेला पाचोळा काढायचा, गळतीच्या जागी काहीतरी थिगळ लावायचं, आणि हे सगळं मिरग लागण्याआधी उरकायचं. पूर्वी हे काम बहुतेक कौलांचं असे. आता कितीतरी घरांत पुढचा भाग कौलारू, आणि मागची पडवी, न्हाणी, गोठा, गाडीची शेड सिमेंटच्या पन्हळी पत्र्याखाली. देवळांच्या अग्रशाळा, वाड्यावरचा रंगमंच, औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या शेडी, काजूच्या भट्ट्या, जिथे बघाल तिथे तोच करडा पत्रा.

ह्या पत्र्यात सिमेंटला धरून ठेवायला अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात, वजनाने साधारण १० टक्क्यांच्या आसपास. त्याविषयी दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "सिमेंटात पक्का बसलाय तो, काही होत नाही." दुसरा म्हणतो, "त्याच्याखाली झोपलात की कॅन्सर ठरलेला." दोघांचंही चुकतं. शाबूत, जागचा न हललेला पत्रा फारसे तंतू सोडत नाही. तो कापला, त्याला भोक पाडलं, घासला किंवा फोडला की सोडतो, आणि त्या क्षणी जो सर्वांत जवळ असेल तो ते श्वासातून आत घेतो. बहुतेक वेळा तो घरमालक नसतो, रोजावर आलेला कामगार असतो.

खडकातून निघणारा तंतू

अ‍ॅस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारं खनिज आहे. सिलिकेट गटातली काही खनिजं तंतूंच्या रूपात वाढतात. असा दगड हाताने सोलला तर कापसासारखा पिंजला जातो, आणि प्रत्येक तंतू उभा चिरत आणखी बारीक होत जातो. पांढरा म्हणजे क्रायसोटाइल, निळा म्हणजे क्रोसिडोलाइट, तपकिरी म्हणजे अमोसाइट, हे त्यातले मुख्य. तो जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही, म्हणून विसाव्या शतकात तो सगळीकडे वापरला गेला. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर चंचुपात्र ठेवायला जी तारेची जाळी असे, तिच्या मधोमध असलेला पांढरा गोल ह्याचाच. बॉयलरच्या पाइपांवर गुंडाळलेली दोरी, पाण्याचे जुने 'ए.सी.' (अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे) पाइप, धुराडी, टाक्या, वाहनांचे ब्रेक लायनर, यादी लांब आहे. आपल्या खाणपट्ट्यातल्या गॅरेजांत ट्रकाचा ब्रेक ड्रम उघडून आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून काढायची पद्धत होती. छपराइतकीच ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पत्र्याची बाजूही ऐकून घ्यायला हवी. कौलं दरवर्षी परतावी लागतात, माकडं ती फोडतात, वर चढणारा माणूस मिळत नाही. लोखंडी पत्रा खाऱ्या वाऱ्यात गंजतो, उन्हात तापतो, आणि पावसात घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. सिमेंटचा पत्रा स्वस्त, न गंजणारा आणि त्या मानाने थंड. ज्यांनी तो घातला त्यांनी आपल्या परीने शहाणपणाच केला होता.

शरीरात काय होतं

श्वासाच्या दृष्टीने घातक मानला जाणारा तंतू ५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि ३ मायक्रॉनहून कमी जाडीचा असतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड भरतो. म्हणजे पत्रा कापताना जी धूळ डोळ्यांना दिसते ती खाली बसते, आणि जी दिसत नाही ती तासन्‌तास हवेत तरंगत राहते. धूळ बसली, आता काही नाही, असं म्हणता येत नाही ते म्हणूनच.

तंतू फुप्फुसाच्या खोल टोकापर्यंत पोचतो. तिथे बाहेरचा कचरा गिळणाऱ्या पेशी असतात. त्या ह्या लांब तंतूला गिळायला जातात, तो मावत नाही, पेशी अर्धवट गिळून मरते आणि दाह निर्माण करणारी द्रव्यं सोडते. हे वर्षानुवर्षं चालतं. त्यातून फुप्फुस आतून कठीण होत जातं, त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. फुप्फुसावरच्या किंवा पोटाच्या आतल्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग तर मुख्यतः ह्याच तंतूमुळे होतो. स्वरयंत्र आणि अंडाशय यांच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे.

ह्या आजारांचा घोळ असा की ते उशिरा येतात. मेसोथेलिओमा दिसायला २० ते ४० वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. "मी वीस वर्षं पत्रे कापतोय, मला काय झालं?" असं विचारणारा मेस्त्री खोटं बोलत नसतो, त्याचं उत्तर अजून यायचं असतं. तो बिडी-सिगरेट ओढत असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, दोन्ही कारणं मिळून तो कित्येक पटींवर जातो.

खाण-कारखान्यात न गेलेल्यांनाही हा आजार होतो हे १९६० साली दक्षिण आफ्रिकेतून पुढे आलं. संशोधक वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले, आणि त्यातले बरेचजण निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींजवळ नुसते राहिलेले किंवा लहानाचे मोठे झालेले होते. पुढे कामगारांचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांमध्येही तो आढळला. म्हणून कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका असं सांगतात.

मात्र मात्रेचाही विचार करायला हवा. आयुष्यात एकदा फुटलेला पत्रा उचलला, शेडीत एक भोक पाडलं, म्हणून झोप उडवून घेण्याचं कारण नाही. धोका किती घेतला आणि किती काळ घेतला त्यावर वाढतो. अगदी खालची सुरक्षित मर्यादा कुणी दाखवू शकलेलं नाही, एवढंच. त्यामुळे झालं त्याची काळजी करत बसू नये, पुढचं टाळावं.

पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निळ्याइतका वाईट नाही, असं पत्र्याच्या बाजूने सांगितलं जातं. त्यात तथ्याचा अंश आहे: तो शरीरात तुलनेने लवकर विरघळतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवलेत, पहिल्या गटात, जिथे तंबाखू आहे. ब्रिटनने १९९९ साली बंदी घातली, पोर्तुगालसह युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमधल्या स्विंडनला गेलेला गोंयकार तिथे इमारत दुरुस्तीच्या कामाला लागला तर त्याला अ‍ॅस्बेस्टॉस कसा ओळखायचा याचं प्रशिक्षण देणं मालकावर बंधनकारक आहे. गावात राहिलेला त्याचा भाऊ मात्र तोच पत्रा उघड्या तोंडाने कापतो. भारतात १९८६ पासून खाणींचे नवे पट्टे देणं थांबलं, पण पांढऱ्याची आयात आणि पत्र्याचं उत्पादन कायदेशीर आहे, आणि जगातल्या मोठ्या आयातदारांत आपण आहोत. म्हणून 'जुना पत्रा धोक्याचा, नवा बिनधोक' हा हिशेब इथे चालत नाही. दुकानात आज मिळणारा पत्राही अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो.

ओळखायचा कसा

नुसतं बघून खात्री देता येत नाही, अंदाज बांधता येतो. करडा, खडबडीत, सुमारे ६ मिलिमीटर जाड, चुंबक न चिकटणारा. कडेला किंवा खालच्या बाजूला कारखान्याचा शिक्का असेल तर तो वाचा. आयएस (म्हणजे भारतीय मानक) ४५९ हा क्रमांक अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पन्हळी पत्र्याचा. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले पत्रे बहुधा आयएस १४८७१ खाली येतात. जुन्या पत्र्यावर शेवाळ चढून शिक्का गेलेला असतो. तो शोधायला घासू नका.

खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली. नमुना द्यायचा तर आधीच फुटून खाली पडलेला नखाएवढा तुकडा पाण्याने भिजवून, एकात एक अशा दोन पिशव्यांत बंद करून द्या. मुद्दाम तोडायला जाऊ नका. एका न्हाणीच्या छपरासाठी एवढं करण्यापेक्षा मी तर म्हणेन, संशय आहे ना, मग आहेच असं धरून चाला.

जास्त महत्त्वाचं म्हणजे पत्र्याची तब्येत. जमिनीवर उभं राहून मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. कडा धडधाकट आहेत, तडे नाहीत, तर तो चांगला आहे. तुटलेल्या कडेवर बारीक पांढरट लव उभी दिसत असेल, पृष्ठभाग भुसभुशीत झाला असेल, तर सिमेंट झिजून तंतू उघडे पडलेत. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वर समुद्राचा वारा. दरसाल थोडं सिमेंट धुऊन जातं आणि पन्हळीत करडा गाळ साचतो. त्या गाळातही तंतू असतात. तो ओला असतानाच काढून पिशवीत बांधायचा, वाळवून झाडायचा नाही.

काहीच न करणं हेही व्यवस्थापनच

चांगल्या पत्र्याला हात न लावणं हा सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा योग्य निर्णय असतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, खालून नजर टाका आणि फोटो काढून ठेवा. गेल्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघितलं की झीज कळते.

माडाखाली पत्रा असेल तर पत्र्यापेक्षा माडाकडे लक्ष द्या. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वेळेवर मिळत नाही, सुकलेले नारळ आणि चुडतं (झावळ्या) वर लोंबत राहतात, आणि भर रात्री एक नारळ पत्र्याच्या आरपार खाली येतो. माड वेळेवर उतरवून घेणं हे आपल्याकडचं अ‍ॅस्बेस्टॉस व्यवस्थापन आहे, हसू नका. स्वयंपाकाची चूल किंवा काजूची भट्टी पत्र्याला अगदी लागून असेल तर तीही हलवा. आगीत हे पत्रे फटाफट फुटून तुकडे दूरवर उडतात.

प्रेशर वॉशर आणू नका. हे ठळक सांगायला हवं, कारण शेवाळाने काळा पडलेला पत्रा जोराच्या पाण्याने एका दुपारी पांढरा करून द्यायचा धंदा अलीकडे बोकाळलाय. ती धार शेवाळाबरोबर वरचं सिमेंट खरवडते आणि तंतू भिंतींवर, विहिरीच्या काठावर, शेजाऱ्याच्या अंगणात जातात. शेवाळ मारायचंच तर शेवाळनाशक द्रावण हलक्या फवाऱ्याने मारून ते आपोआप गळू द्यावं. त्यावर आत मुरणारा प्रायमर आणि छपराचा रंग फवारला तर झीज काही वर्षं रोखता येते. भुसभुशीत पत्र्यावर रंगाचा उपयोग नाही.

छपरावर सौर पॅनल बसवण्यासाठी २०२४ पासून केंद्राची योजना आहे, आणि बसवणारे लोक कुठल्याही छपराला भोक पाडायला तयार असतात. सिमेंटच्या पत्र्यावर पॅनल नको: भोकं पडतात, भार वाढतो आणि देखभालीला माणूस त्यावर चढतो. आधी छप्पर बदला, मग सूर्य. गळतीवर उपाय म्हणून जुन्या पत्र्यावरच नवा रंगीत लोखंडी पत्रा चढवायचा मोहही बऱ्याच जणांना होतो. स्वतंत्र सांगाडा भिंतीवर उभा करून केलं तर ठीक, जुन्या पत्र्यात स्क्रू मारून नाही.

पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणी विहिरीत जातं, त्याचं काय, असं हमखास विचारतात. पाण्यावाटे पोटात गेलेल्या तंतूंबाबत श्वासासारखा ठाम पुरावा नाही. तरीही पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यावं, आणि गाळ विहिरीत जाऊ देऊ नये.

काढायचाच असेल तर

गेल्या मे महिन्यात फोंड्याजवळच्या एका घरी गेलो होतो. अंगणात काकूंनी चटईवर भिरंडाची (कोकमाची) सोलं वाळत घातली होती आणि वर मागच्या पडवीच्या छपरावर मेस्त्री ग्राइंडरने पत्र्याची कड कापत होता. ग्राइंडर टेकताच करड्या धुळीचा पंखा उघडायचा आणि वाऱ्याबरोबर सरळ त्या सोलांवर उतरायचा. मेस्त्रीच्या तोंडाला गमछा होता. खाली पोरगा तुकडे झेलून भिंतीशी रचत होता. थांबायला सांगितल्यावर वरून उत्तर आलं, "पात्रांव, धूळच ती. मिरगाचा पाऊस पडला की धुऊन जाईल."

गमछा, सर्जिकल मास्क, अगदी एन-९५ सुद्धा ह्या कामाला पुरत नाही. एफएफपी-३ मास्क किंवा पी-३ गाळणी असलेला अर्धा चेहरा झाकणारा रेस्पिरेटर लागतो, आणि तो दाढीवर नीट बसत नाही. अंगात टाकून देण्याजोगा बंद सूट हवा.

पण कर्करोग वीस वर्षांनी येतो, पडणं त्याच क्षणी होतं. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. शेवाळाखाली तडा दिसत नाही, पाय ठेवला की तो काही इशारा न देता फुटतो. वर जायचंच तर हुकांच्या रेषेखाली वासे असतात त्यांवर आडव्या फळ्या टाकून, आणि शक्यतो खालून परांची बांधून काम करावं. पावसात तर नकोच.

पत्रा उतरवायची पद्धत ऐकायला सोपी वाटते, करायला संयम लागतो. आधी शेजाऱ्यांना सांगा, खिडक्या बंद करवा, वाळवणं उचला, मुलं आणि जनावरं दूर. खाली प्लास्टिक अंथरा. पत्रा दोन्ही बाजूंनी हलक्या फवाऱ्याने भिजवा, पाण्यात थोडा साबण टाकला की ते चांगलं मुरतं. गंजलेले हुक ग्राइंडरने नाही, बोल्ट कटरने कापा. पत्रा अखंड सुटा करा आणि दोघांनी धरून हाताने खाली उतरवा. वरून टाकायचा नाही. लगेच जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेपने बंद करा आणि वर 'अ‍ॅस्बेस्टॉस' असं ठळक लिहा. उरलेली धूळ ओल्या फडक्याने टिपा आणि फडकंही त्याच गठ्ठ्यात टाका. केरसुणी नको, घरातला व्हॅक्युम क्लीनरही नको, तो बारीक तंतू मागून परत हवेत सोडतो. कामाचे कपडे टाकून द्या किंवा वेगळे भिजवा, आणि अंघोळ करूनच घरात या.

ब्रिटनसारखी परवानाधारक अ‍ॅस्बेस्टॉस काढणाऱ्यांची व्यवस्था आपल्याकडे उभी राहिलेली नाही. म्हणून ठेकेदाराला कोटेशन मागतानाच ह्या गोष्टी लिहून द्या: भिजवणार, अखंड काढणार, ग्राइंडर नाही, मास्क तुमचा, गुंडाळून अमुक ठिकाणी पोचवणार. जो हसेल त्याला काम देऊ नका. दर थोडा वाढेल, तो वाढू द्या.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा झाडं पडून पत्र्यांचे तुकडे वाड्यावाड्यांत विखुरले आणि लोकांनी ते हातांनी, सुके, उचलले. अशा वेळी निदान भिजवून, हातमोजे घालून, पायाखाली न चिरडता गोळा करावेत.

तुकडे कुठे जातात

गोव्यात ते बहुधा परसात जातात: वाटेवरच्या चिखलात भराव म्हणून, आळ्याभोवती कड म्हणून, कोंबड्यांच्या खुराड्यावर, रस्त्यालगतच्या शेतात रात्रीच्या टेंपोतून. वाटेवरचा तुकडा रोज गाडीच्या चाकाखाली दळला जातो, म्हणजे छपरावर होता त्यापेक्षा वाईट जागी आला. औद्योगिक वापरातून निघालेला अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो, आणि त्याच्या विल्हेवाटीसाठी आयएस ११७६८ हे भारतीय मानक आहे. सत्तरीत पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याचं सामाईक केंद्र आहे. गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळ किंवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करायची ती पत्रे उतरवण्याआधी. उतरवल्यावर विचारलंत तर गठ्ठा अंगणात राहतो, पाऊस सुरू होतो, आणि पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पंचायतीने चार-पाच घरांचे पत्रे एकत्र पाठवायची सोय केली तर वाहतुकीचा खर्च वाटला जाईल.

बदली छप्पर निवडताना, सांगाडा तपासून घ्या. मंगळुरी कौलांना रिपा जवळजवळ लागतात आणि वजनही जास्त. पत्र्यासाठी घातलेले लांब अंतरावरचे वासे त्यांना पुरत नाहीत. रंगीत लोखंडी पत्र्याखाली उष्णतारोधक थर घातला तर उकाडा आणि आवाज दोन्ही कमी होतात.

जी माणसं वर्षानुवर्षं पत्रे बसवत, जहाजं-बार्जी दुरुस्त करत, बॉयलर किंवा ब्रेकच्या कामात होती, त्यांना चढणीवर धाप लागू लागली, कोरडा खोकला हटेना, छातीत दुखू लागलं तर गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा आपल्या डॉक्टरकडे जाताना तीस वर्षांपूर्वी काय काम केलं ते आपणहून सांगावं. ते विचारलं जाईलच असं नाही, आणि त्याशिवाय छातीचा एक्स-रे क्षयाच्या किंवा दम्याच्या नजरेने वाचला जाऊ शकतो. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर जपून ठेवायला सांगितलं, आणि बाधित कामगारांना १ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. जुनं हजेरी कार्ड, पगाराची पावती, ईएसआयचा क्रमांक, काहीही असेल तर ते सांभाळून ठेवा; दावा करायची वेळ आली तर काम कुठे केलं याचा पुरावा तोच असतो.